सातपुड्यातील उपकेंद्रे आणि निरंतर वैद्यकीय शिक्षण

(नंदुरबार जिल्ह्यातील सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना असे वाटले असेल की, हा विषय आरोग्य खात्याने आपल्या सभागृहात बोलावा. तो ग्रामपंचायतीपुढे कशाला? ही शंका रास्त आहे. तथापि ग्रामसभांतून आणि पंचायत समितीच्या सभांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते, आणि तिच्यामुळेच हा विषय आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटले. तक्रार अशी की, "आमच्या उपकेंद्राच्या डॉक्टरबाई पुन्हा ट्रेनिंगला गेल्या, दाराला कुलूप आहे." या तक्रारीत तथ्य आहे. कुलूप खरोखरच असते. परंतु त्या ट्रेनिंगला का जातात, न गेल्यास काय होईल आणि कुलूप टाळता येईल काय, या तीन गोष्टींचा विचार तक्रारीच्या पुढे जाऊन फारसा होत नाही. तो आज करू.

मी कला शाखेचा पदवीधर. औषधांवर व्याख्यान देण्याचा मला अधिकार नाही आणि तसा माझा आवही नाही. माहिती खात्याच्या माणसाचे काम एवढेच की, एका खोलीत ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या खोलीत पोहोचवावी.

प्रथम हे पद म्हणजे काय ते पाहू. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेखाली देशभरातील दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत करावयाचे ठरले. २०२३ च्या अखेरीस त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. पूर्वी उपकेंद्रात आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक असत, व काम मुख्यतः माता-बालसंगोपन, लसीकरण आणि साथरोगांपुरते चाले. नव्या रचनेत तेथे समुदाय आरोग्य अधिकारी आला. आयुर्वेदाचा पदवीधर किंवा परिचर्येची पदवी अथवा पदविका घेतलेली व्यक्ती सहा महिन्यांचा समुदाय आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून या पदावर येते. तिच्याकडे बारा प्रकारच्या सेवा सोपविलेल्या आहेत. गरोदरपण आणि बाळंतपण यांपासून रक्तदाब, मधुमेह, डोळे, दात, वृद्धांची शुश्रूषा, मानसिक आजार आणि तातडीचे प्रथमोपचार यांपर्यंत त्या पसरलेल्या आहेत. डोंगराळ व आदिवासी भागात अशा एका उपकेंद्रामागे तीन हजार लोकसंख्या धरतात. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यात ही तीन हजार माणसे किती पाड्यांत विखुरलेली असतात, ते आपणांस मी सांगावयास नको.

डॉक्टर नव्हे, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली डॉक्टरच्या कामाचा काही भाग करणारा असा मधला माणूस ही कल्पना केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय सेवकांना घेऊन असा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांना तेथे फिजिशियन असिस्टंट म्हणतात. भारतात हा अभ्यासक्रम प्रथम १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या प्रेरणेने सुरू झाला. शहरांतील मोठ्या हृदयरुग्णालयांत व शस्त्रक्रियागृहांत आज असे सहायक काम करतात, आणि संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या अनुसूचीत त्यांचा समावेश आहे. नंदुरबारच्या पाड्यावर मात्र त्या जागी उभा आहे तो आपला समुदाय आरोग्य अधिकारी. फरक असा की, शहरातल्या सहायकाचा डॉक्टर शेजारच्या खोलीत असतो, आणि मोलगीच्या पलीकडच्या उपकेंद्रातील अधिकाऱ्याचा डॉक्टर घाटाच्या खाली असतो.

अमेरिकेत या सहायकांना एकदा परीक्षा दिली की जन्मभराची सनद मिळत नाही. दर दोन वर्षांनी शंभर तासांचे शिक्षण केल्याचे दाखवावे लागते आणि दर दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ही पुनर्परीक्षा पूर्वी एका बैठकीत होत असे. २०२३ पासून त्यांनी दुसरा मार्गही खुला केला. दर तिमाहीस पंचवीस प्रश्न घरी बसून सोडवावयाचे आणि उत्तर चुकले तर बरोबर काय ते तेथेच समजून घ्यावयाचे. हा दुसरा मार्ग लक्षात ठेवावा. त्याचा उपयोग मी पुढे सांगणार आहे.

आपल्याकडेही सनदेच्या नूतनीकरणाची पद्धत आहे. ती धंद्याधंद्यानुसार वेगळी आहे, एवढेच. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदलेल्या डॉक्टरास पाच वर्षांत तीस गुणांक मिळवावे लागतात, तेव्हा नोंदणी पुढे चालू राहते. औषधनिर्मात्यांस २०१५ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात. परिचारिकांच्या नोंदणीचेही पाच वर्षांनी नूतनीकरण होते व त्यासाठी निरंतर परिचर्या शिक्षणाचे तास मोजतात. शिक्षक बंधूंना ही कल्पना नवी वाटू नये. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी ही प्रशिक्षणाशी जोडलेली आहेत, आणि त्या प्रशिक्षणाच्या तारखांकडे आपण किती डोळे लावून बसता, तेही मला ठाऊक आहे.

येथे एक अडचण आहे, आणि ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यास दोन वह्या सांभाळाव्या लागतात. एक वही खात्याची. क्षयरोग, कुष्ठरोग, लसीकरण, सिकलसेल, ऑनलाइन नोंदी अशा विषयांवर खाते प्रशिक्षण देते, आणि ते घ्यावेच लागते. दुसरी वही त्याच्या मूळ परिषदेची. परिषद केवळ तिने मान्यता दिलेल्या कार्यक्रमांचे गुण धरते. त्यामुळे वर्षभर खात्याच्या वर्गांना हजेरी लावूनही दुसरी वही कोरी राहू शकते. मग रजा काढून, पदरचे पैसे खर्चून नाशिकला किंवा धुळ्याला जाणे आले. नाशिक येथून सुमारे दोनशे किलोमीटर. जाण्यायेण्यासह तीन दिवसांचे कुलूप. या दोन वह्या जेथे शक्य असेल तेथे एक केल्या, म्हणजे खात्याच्या प्रशिक्षणास आधीच परिषदेची मान्यता घेतली, तर निम्मे कुलूप आपोआप उघडेल असे माझे स्पष्ट मत आहे. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मान्यताप्राप्त वर्ग जिल्ह्यातच घेण्यास जागा आणि अध्यापक दोन्ही आता उपलब्ध आहेत.

परंतु हे सारे गुणांकांचे गणित बाजूला ठेवू. खरा प्रश्न असा की, एकदा शिकलेला माणूस पुन्हा का शिकावा? रोग तेच आहेत, शरीर तेच आहे. याचे उत्तर मी आपल्याच जिल्ह्यातील आजारांवरून देतो.

सर्पदंश घ्या. ज्येष्ठ-आषाढात शेतात आणि घरात जमिनीवर निजणाऱ्यांत हा प्रकार नित्याचा. दंशाच्या वर दोरी करकचून बांधावी, जखम कापावी, रक्त चोखावे, असे आपण लहानपणी पाठ्यपुस्तकांत वाचले आहे. आता हे तिन्ही उपाय निषिद्ध आहेत. आवळलेल्या दोरीने हात वा पाय गमावल्याची उदाहरणे वैद्यकास ठाऊक आहेत. आता अवयव फळीला बांधतात तसा स्थिर ठेवून रोग्याला चालू न देता हलवावयाचे असते. सापाचे विष रक्त गोठण्यात बिघाड करते आहे काय, हे ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावे आणि मग नळी तिरकी करून पाहावी. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर उत्तर चुकते. एवढीशी गोष्ट, पण ती हाताने करून पाहिल्याशिवाय ध्यानात राहत नाही. आणखी एक. लहान मुलाला औषध कमी द्यावे हे आपणां सर्वांस पटते. प्रतिविषाच्या बाबतीत ते चूक आहे. साप मुलाला पाहून विष कमी सोडीत नाही, म्हणून मुलाला प्रतिविष मोठ्या माणसाइतकेच लागते. ज्याने हे ऐकलेले नाही, तो दयेपोटी मात्रा निम्मी करील आणि आश्रमशाळेतले एखादे पोर हातचे जाईल. केंद्र शासनाने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेविले आहे.

क्षयरोगाचे पाहा. आठवड्यातून तीन दिवस गोळ्या देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. २०१७ च्या ऑक्टोबरपासून ती बदलून रोज वजनाप्रमाणे गोळ्या द्यावयाच्या असे ठरले. हिवतापात फॅल्सिपेरम जातीच्या जंतूवर क्लोरोक्विन निष्प्रभ ठरू लागल्याने २०१० पासून देशभर आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध आले. जुलाबात मीठ-साखरेच्या पाण्यासोबत जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्यात, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली केली. जुलाब थांबले की आई गोळ्या थांबविते. इतके दिवस का, हे तिला तिच्या बोलीत समजावणारा माणूस हवा. येथे पावरी, भिलोरी, मावची किंवा अहिराणी येणारी आशा ताई पुष्कळदा पुस्तकी पदवीधरापेक्षा सरस ठरते.

सिकलसेल हा तर आपल्या घरचा विषय. भिल्ल व पावरा समाजात हा रक्तदोष बऱ्याच प्रमाणात आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भास आजार होण्याची शक्यता चारात एक. रोग्याला मधूनमधून हाडांत असह्य वेदना होतात, आणि अजाण माणूस त्याला कामचुकार ठरवितो. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा आजार निर्मूल करावयाचा असा त्याचा संकल्प आहे. तपासणी करून रंगीत कार्ड हाती देणे सोपे. कार्ड मिळाल्यानंतर त्या तरुणाशी लग्नाविषयी काय बोलावे, हायड्रॉक्सीयुरिया चालू असलेल्या रोग्याच्या रक्ताची तपासणी किती दिवसांनी करावी, ताप आल्यास घरी थांबू न देता केव्हा हलवावे, हे शिकावे लागते. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात बारा सेवांना जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात हे सारे पुरे होणे शक्य नाही.

ज्ञान नेहमी वरूनच खाली येते असेही नाही. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत, आणि डॉक्टरांच्या हाती खात्रीचा उपाय नव्हता. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणांच्या नोंदी केल्या आणि रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशात उपयोग होतो हे १९८० च्या दशकात लॅन्सेट या विलायती नियतकालिकातून जगापुढे मांडले. पुढे २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बिरवाडीतील शोध इतर डॉक्टरांपर्यंत कसा पोहोचला? लेखांतून, परिषदांतून आणि उजळणीच्या वर्गांतून. जो वर्गाला गेला नाही, त्याच्या रोग्यापर्यंत तो शोध तितक्या उशिरा पोहोचला.

दुसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम आरंभिले आणि अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका केले. या स्त्रिया दर आठवड्यास जामखेडला एकत्र जमत, आपापल्या गावातील रोगी व अडचणी सांगत, चर्चा करीत, आणि नवे काही शिकून परतत. पहिले प्रशिक्षण संपले म्हणून हे शिक्षण थांबले नाही. ते वर्षानुवर्षे चालले. मला या पद्धतीत दोन गोष्टी विशेष वाटतात. एक, शिकणारी बाई स्वतःचा रोगी घेऊन वर्गात येते. दुसरी, तिला प्रमाणपत्राची ओढ नसते. आपल्याकडील पुष्कळशा वर्गांत सकाळी हजेरी, दुपारी जेवण आणि सायंकाळी प्रमाणपत्र, या तीन गोष्टी तेवढ्या वेळेवर होतात. कठोर बोललो असेन तर क्षमा असावी.

आता कुलुपाकडे वळू.

प्रशिक्षणाच्या तारखा कोण ठरवितो आणि कशाच्या आधारे? आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, निधी त्याआधी खर्ची पडावयास हवा, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गांची गर्दी उसळते. नेमका हाच आपल्या जिल्ह्यातील होळीचा काळ. ऊसतोडीला व मजुरीला गुजरातेत गेलेली कुटुंबे होळीसाठी परततात, भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठीच्या राजवाडी होळीला दूरदूरची माणसे लोटतात. महिनोन्महिने घराबाहेर राहिलेल्या गरोदर माता, लस चुकलेली मुले, औषध सोडलेले क्षयरोगी हे सारे याच पंधरवड्यात पाड्यावर हाती लागतात. आणि याच पंधरवड्यात उपकेंद्राची अधिकारी नंदुरबारच्या सभागृहात बसलेली असते! पावसाळ्यात तर वर्ग घेऊच नयेत. चांदसैली घाटात दरड कोसळली किंवा देवगोई घाटाचा रस्ता खचला की खाली आलेली माणसे वर जाऊ शकत नाहीत, आणि तेव्हाच जुलाब, हिवताप, सर्पदंश यांचा जोर असतो. नर्मदेच्या फुगवट्याने जे पाडे पाण्याच्या कडेला एकाकी पडले, ज्यांच्यासाठी तरंगत्या दवाखान्याचा प्रयोग याच जिल्ह्यात करावा लागला, तेथे एक माणूस कमी म्हणजे सगळेच कमी. स्थलांतराने पाडे विरळ झालेले असतात ते डिसेंबर-जानेवारीचे दिवस मला वर्गांसाठी सर्वांत सोयीचे दिसतात. ही गोष्ट मुंबई-पुण्यातील वेळापत्रकात लिहिलेली नसणार. ती येथूनच कळवावी लागेल.

ती कोणी कळवावी? उपकेंद्राच्या पातळीवर जन आरोग्य समिती असते. तिचे अध्यक्ष सरपंच, सहअध्यक्ष प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि सदस्य-सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. म्हणजे ज्या बाईंच्या अनुपस्थितीची तक्रार सरपंच करतात, तिच्याच समितीचे ते अध्यक्ष आहेत. समितीने वर्षारंभी त्यांच्याकडून प्रशिक्षणाचे अपेक्षित दिवस लिहून घ्यावेत, आरोग्य सेविका आणि अधिकारी एकाच दिवशी बाहेर जाणार नाहीत असे पाहावे, आणि दोघींनाही एकाच वेळी बोलाविले गेल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. अधिकारी बाहेर असतील त्या दिवशी कोणत्या केंद्रात जावे, ते दारावर मराठीत आणि शक्य तर चित्राने लावावे. कुलपाखेरीज दारावर काहीच नसणे, हे मात्र अक्षम्य होय.

काही शिक्षण जागेवरही होऊ शकते. प्राथमिक आरोग्य केंद्राची मासिक सभा होतेच. तीत आकडे भरण्यापूर्वी अर्धा तास एका प्रत्यक्ष रोग्यावर बोलावे. मघाशी सांगितलेल्या तिमाही प्रश्नांची रीत येथे उचलण्याजोगी आहे. तिला इमारत लागत नाही की भत्ता लागत नाही. ई-संजीवनीवर वरच्या डॉक्टरशी बोलताना अधिकाऱ्याने केवळ औषधाचे नाव उतरून न घेता कारण विचारावे, म्हणजे प्रत्येक रोग्यामागे एक धडा पदरी पडेल. यासाठी उपकेंद्रात चालणारे इंटरनेट आणि वीज लागते. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो, आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण या बाबी त्याच्या कक्षेत येतात. सभामंडपाच्या रंगरंगोटीआधी या खर्चाचा विचार ग्रामसभेपुढे यावा.

आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांस एक विनंती. आपल्या शाळेजवळच्या उपकेंद्रात प्रतिविष असते काय, नसल्यास ते सर्वांत जवळ कोठे मिळते, आणि तेथवर रात्री वाहन कोणाचे, हे पावसाळ्यापूर्वी विचारून फलकावर लिहून ठेवावे. तेथील अधिकारी सर्पदंशाच्या वर्गाहून परतल्या की त्यांना एक तास शाळेत बोलवावे. शिकलेले दुसऱ्यास सांगितले की त्यांचेही पक्के होते, आणि निजण्यापूर्वी अंथरूण झटकावे हे मुलांना आपल्यापेक्षा त्यांच्या तोंडून अधिक पटते.

औषधांविषयी आपल्या मनात प्रश्न असतील. त्यांची उत्तरे मी देणे योग्य नाही. तालुका आरोग्य अधिकारी येथे बसले आहेत, आणि त्यांच्या शेजारी दोन उपकेंद्रांच्या अधिकारी आहेत. आज त्या येथे आहेत म्हणून त्यांच्या दाराला कुलूप आहे काय, हा पहिला प्रश्न विचारण्यास हरकत नाही.